पुरलेलं, लपवलेलं की नुसतंच पडलेलं?

बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलं, की गोणपाटावरच्या गंजक्या नटबोल्टांत आणि कुलपांत एखादा हिरवट पितळी बिल्ला हाताला लागतो. विकणारा म्हणतो, "कॅम्पातला आहे साहेब, लढाईच्या टायमाचा." कुठल्या लढाईच्या, ते त्याला विचारू नये. बिल्ल्यालाच विचारावं.

पुण्याची छावणी खडकीच्या लढाईनंतरची, पण संग्राहकांचा जीव अडकलेला असतो तो 1942 ते 1950 या आठ वर्षांत. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि आग्नेय आशियातल्या लढाईचा सगळा भार हिंदुस्थानातल्या तळांवर आला. लोहगावची धावपट्टी तेव्हा कामात होती, देहूरोडला दारूगोळ्याचा साठा होता. खडकवासल्याची गोष्ट तर ऐकणाऱ्याला खोटी वाटावी अशी. समुद्र राहिला घाटाखाली आणि इथे तलावाच्या काठावर 'एच.एम.एस. अंगोस्तुरा' नावाचं नकली जहाज उभं करून सैनिकांना किनाऱ्यावर उतरण्याची तालीम दिली जायची. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या आणि पुढे त्याच परिसरात तिन्ही दलांची प्रबोधिनी उभी राहिली.

या तळांच्या मातीत कापड टिकत नाही, पितळ टिकतं. त्यामुळे बाह्यांवरची रंगीत चिन्हं गेली आणि टोप्यांचे, खांद्यांचे बिल्ले राहिले. त्यांचं वय काढायच्या खुणा सोप्या आहेत. मुकुट असेल तर प्रजासत्ताकाच्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. मराठा पलटणींच्या बिल्ल्यावर इंग्रजीत 'मराठा'च्या मधे जादा 'एच' दिसला तर तो स्वातंत्र्याआधीच्या स्पेलिंगचा. नुसता 110 सारखा आकडा असेल तर आणखी जुना, कारण 1922 मध्ये 103, 105, 110 वगैरे पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट केली गेली. (चिंच-मीठ लावून घासलेला बिल्ला मात्र घेऊ नये. चकाकतो खरा, पण अक्षरांच्या कडा जातात.)

खरी गुंतागुंत कायद्यातल्या एका शब्दात आहे. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दलचा 1878 चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपयांत आज कटिंग चहा मिळाला तरी नशीब, पण आकडा तोच. इंग्रजी मजकुरात शब्द आहे 'लपवलेलं'. आपल्याकडे त्याला म्हणतात 'निखात निधी', आणि निखात म्हणजे पुरलेलं. आता कवायतीत धावताना जवानाच्या खांद्यावरून निसटून चिखलात गेलेला बिल्ला कुणी लपवलेला नाही, पुरलेलाही नाही; तो पडला. माझ्या मते त्याला निधी म्हणणं म्हणजे शब्दाचा कीस काढणं. पण निकामी मालाची पेटी कुणी खड्डा करून त्यात लोटली असेल तर? ती पुरलेली आहे, लपवलेली नाही. म्हणजे मराठी शब्द धरला तर निधी, इंग्रजी धरला तर भंगार. यावर संग्राहकांचे दोन तट पडतात आणि चहा गार होतो.

यातला बराचसा वाद हवेतलाच म्हणायचा. जुने तळ म्हणतो त्यातली कितीतरी जमीन आजही लष्कराकडेच आहे. तिथे परवानगीशिवाय कुदळ मारणं सोडाच, आत शिरणंच गुन्हा. गोळीबाराच्या मैदानावर तर पितळेच्या हव्यासापायी न फुटलेला गोळा हाताशी यायचा.

1972 च्या कायद्याने आणखी एक रेघ ओढली: शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू. ती विकायचा धंदा करायला परवाना लागतो, खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. या हिशेबाने 1942 चा बिल्ला 2042 पर्यंत मोकळा आहे. 110 आकड्याचा मात्र रेघेच्या पलीकडे गेलेला. गोणपाटावर दोघं शेजारी पडलेले असतात, आणि विकणारा दोघांचा भाव एकच सांगतो.