क्रोमला गंज चढत नाही

गंजलेल्या हँडलवर कोला ओतायचा, ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून त्यावर घासायची आणि पाच मिनिटांत नव्यासारखे चकाकणारे हँडल कॅमेऱ्यासमोर धरायचे, अशा चित्रफिती बडोद्यातल्या मोटरसायकलप्रेमींच्या फोनवर सतत येत असतात. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हापासून येथे बुडून निघालेल्या गाड्यांना तोटा नाही. रावपुरा आणि दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या बोळांत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या बुलेट, राजदूत आणि येझ्दी त्याहून वेगळ्या. त्यामुळे अशा चित्रफितींना प्रेक्षक मिळतात यात नवल नाही. हँडल खरोखरच चकाकते, हेही खरे. खोटे आहे ते सोबतचे स्पष्टीकरण, की ॲल्युमिनियमची गंजाशी अभिक्रिया होऊन ‘गंजाचे पुन्हा क्रोम होते’. तसे होणे शक्य नाही, कारण तो गंज मुळात क्रोमचा नसतोच.

मोटरसायकलचे हँडल, मडगार्ड किंवा सायलेन्सर यांवर आपण ज्याला ‘क्रोम’ म्हणतो, त्यात क्रोमियम फारच थोडे असते. सर्वांत खाली पोलाद, त्यावर साधारण दहा ते तीस मायक्रॉन जाडीचा निकेलचा थर, आणि त्यावर क्रोमियमचा थर, ज्याची जाडी बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असते. (मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन.) आरशासारखा गुळगुळीतपणा येतो तो निकेलमुळे, क्रोमियम त्या निकेलला काळवंडण्यापासून वाचवते, त्याच्या पिवळसर झाकेवर निळसर थंडपणा चढवते आणि ओरखड्यांना दाद देत नाही. जुन्या गाडीच्या हँडलवर ग्रिपच्या कडेला पिवळट पट्टा दिसतो, तेथे क्रोमियम झिजून निकेल उघडे पडलेले असते.

खरी गंमत यापुढे आहे. शालेय रसायनशास्त्रातली विद्युत-रासायनिक श्रेणी आठवून पाहावी. तीत जस्ताचे प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, क्रोमियमचे उणे ०.७४, लोखंडाचे उणे ०.४४ आणि निकेलचे उणे ०.२५ असे दिलेले असते. ज्याचा आकडा अधिक उणा तो धातू अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणजेच आधी झिजतो. या हिशेबाने क्रोमियमने जस्तासारखे वागायला हवे होते: स्वतः झिजून खालच्या लोखंडाला राखायला हवे होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या नटबोल्टवर ओरखडा पडला तरी उघडे पडलेले पोलाद बराच काळ गंजत नाही, ते याच कारणाने. क्रोमियम मात्र असे काही करत नाही. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागावर दोन-तीन नॅनोमीटर जाडीचे क्रोमियम ऑक्साइडचे अतिशय घट्ट पटल तयार होते आणि त्याखालचा धातू जणू अभिक्रियेतून निवृत्त होतो. पटलावर ओरखडा पडला तर ते आपोआप पुन्हा बनते. पुस्तकातल्या कोष्टकात लोखंडाहून क्रियाशील असलेला हा धातू प्रत्यक्ष रस्त्यावर लोखंडाहून कितीतरी ‘उदात्त’, म्हणजे सहजासहजी न झिजणाऱ्या, धातूसारखा वागतो, आणि आपली अडचण नेमकी याच उदात्तपणामुळे होते.

विजेच्या साहाय्याने चढवलेल्या क्रोमियमच्या थरात अंतर्गत ताण असतो, त्यामुळे त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रे राहतात. एखाद्या ठिकाणी खालच्या निकेललाही छिद्र असले, किंवा रस्त्यावरचा खडा आपटून ते पडले, की तेथून पाणी पोलादापर्यंत पोहोचते. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांनी जोडलेले दोन भिन्न धातू म्हणजे एक छोटी बॅटरीच असते. लोखंड इलेक्ट्रॉन सोडते. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच निकेल-क्रोमियमच्या पृष्ठभागाकडे जातात, आणि तेथे पाणी व हवेतला ऑक्सिजन ते स्वीकारून हायड्रॉक्साइड तयार करतात. गंजण्याचा वेग पोलादाच्या चिमुकल्या छिद्रावर अवलंबून नसून, इलेक्ट्रॉन स्वीकारणारा पृष्ठभाग किती मोठा आहे यावर तो बराचसा अवलंबून असतो. हँडलचा ओला, चकचकीत पृष्ठभाग मोठा आणि उघडे पोलाद टाचणीच्या टोकाएवढे. म्हणजे साऱ्या कुटुंबाचा खर्च एकाच कमावत्या माणसावर पडावा तशी त्या टोकाएवढ्या पोलादावर झिजण्याची सगळी जबाबदारी येऊन पडते. म्हणून तेथला गंज पसरट नसतो, तो खोल खड्डा करतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या किमान दुपटीचे, काही वेळा त्याहून बरेच अधिक असते. तो छिद्रातून वर येतो, कडेच्या निकेलला खालून रेटतो आणि शेवटी पापुद्रा उचलतो. हँडलवर दिसणारे तपकिरी ठिपके म्हणजे या खड्ड्यांची तोंडे होत.

मुलामा देणाऱ्या अभियंत्यांनी या संकटावर जो उपाय शोधला तो मला संपूर्ण धातुशास्त्रातल्या सर्वांत चतुर युक्त्यांपैकी एक वाटतो, म्हणून थोडे विषयाच्या खोलात जाण्याची परवानगी घेतो. चांगल्या दर्जाच्या कामात निकेलचे दोन थर दिले जातात. खालचा अर्ध-चकाकी असलेला आणि जवळजवळ गंधकमुक्त, तर वरचा चकचकीत, ज्यात चकाकी आणणाऱ्या रसायनांमुळे थोडे गंधक अडकलेले असते. या किंचित गंधकामुळे वरचे निकेल खालच्या निकेलपेक्षा साधारण शंभर मिलिव्होल्टहून अधिक क्रियाशील होते. छिद्रातून आत शिरलेली झीज वरचा थर पार करून खालच्या थरापाशी पोहोचली की ती पुढे खोल जाण्याऐवजी आडवी वळते, कारण आता झिजायला अधिक राजी असलेला धातू कडेला आहे, खाली नव्हे. वरचे निकेल स्वतःला खर्ची घालते आणि पोलादापर्यंतचा प्रवास लांबतो. याच्या पुढची पायरी तर सामान्य समजुतीला उलटी पाडणारी आहे: क्रोमियममधल्या भेगा कमी करण्याऐवजी त्या मुद्दाम वाढवल्या जातात. दर चौरस सेंटिमीटरला हजारो सूक्ष्म छिद्रे असली की झिजेचा प्रवाह हजारो ठिकाणी वाटला जातो आणि कोणत्याही एका ठिकाणी खोल खड्डा पडण्याइतका तो उरत नाही. स्वस्तातल्या सुट्या भागांवर एकेरी, पातळ निकेल असते, म्हणून नवे घेतलेले मडगार्ड एका पावसाळ्यात ठिपके दाखवते, तर चाळीस वर्षांपूर्वीचे मूळ मडगार्ड अजून तोंड दाखवण्याजोगे असते.

आता फॉइलकडे वळू. ॲल्युमिनियमचे विभव उणे १.६६ व्होल्ट असल्यामुळे तत्त्वतः ते गंजाला इलेक्ट्रॉन देऊ शकते, आणि चित्रफितींतले ‘विज्ञान’ एवढ्यावरच उभे असते. परंतु हाच प्रयोग तांब्या-पितळेच्या घासणीने केला तरी हँडल तसेच स्वच्छ होते. आणि तांबे तर लोखंडाहून उदात्त आहे, ते गंजाला इलेक्ट्रॉन देण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा हे काम मुख्यतः घासण्याचे आहे. फॉइलमधला धातू क्रोमियमपेक्षा खूपच मऊ असल्याने तो क्रोमियमला ओरखडत नाही, पण छिद्राबाहेर साचलेला भुसभुशीत गंज खरवडायला पुरेसा असतो. द्रव मुख्यतः वंगणाचे काम करतो आणि साधे पाणीही ते करते. कोलातले फॉस्फोरिक आम्ल गंजावर काम करते हे खरे, पण त्याचे प्रमाण इतके अल्प असते की पाच मिनिटांत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. उलट त्यातली साखर सांध्यांत चिकटून बसते.

छिद्राच्या आतला गंज काढायचा असेल तर किराणा दुकानात ‘लिंबाची फुले’ म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल अधिक उपयोगी आहे, कारण त्याचे रेणू लोखंडाच्या आयनांना चहूबाजूंनी पकडून द्रावणात ओढून घेतात. लिटरभर पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम घालून, त्यात भिजवलेले फडके ठिपक्यांवर पाऊण-एक तास गुंडाळून ठेवावे, मग फॉइलने किंवा पितळी घासणीने घासावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि ताबडतोब, अगदी हेअर ड्रायर लावून, कोरडे करावे. जस्ताचा मुलामा असलेले नटबोल्ट या द्रावणात बुडवू नयेत. जस्त आधी जाईल. संडास साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल तर क्रोमजवळ आणूही नये. मुलामा देणारे कारागीर जुने क्रोमियम उतरवण्यासाठी हेच आम्ल वापरतात, कारण त्यातला क्लोराइड आयन ते अभेद्य पटल मोडतो. त्याच्या नुसत्या वाफेनेही शेजारी ठेवलेले पाने (स्पॅनर) आणि पकड गंजतात. लिंबाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालण्यास कोणाची हरकत नसावी, पण हेडलाइटखाली पोलादी तारेत ओवून टांगलेली लिंबू-मिरची वर्षभर आपला आम्लरस क्रोमवर ठिबकत ठेवते. दृष्ट लागण्यापासून ती गाडीला वाचवत नाही, आणि गंज मात्र लावते.

घासून झाल्यावर हँडल चकाकते, पण खड्डा तसाच राहतो, तळाशी उघडे पोलाद घेऊन. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादाच्या गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि बडोद्याचा पावसाळा ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून घासण्याइतकेच महत्त्व खड्डा बुजवण्याला आहे. कोरड्या, कोमट भागावर मेण चोळून ते आत जिरू द्यावे आणि पावसाळ्यात महिन्याला एकदा पुन्हा लावावे. ‘नॅनो’ किंवा ‘ग्राफीन’ असे शब्द लिहिलेल्या महागड्या बाटल्याही पाणी अडवण्याचेच काम करतात. खड्ड्यात ओल शिल्लक असताना लावल्या तर त्या तिला आतच कोंडतात.

इंजिनाची कव्हरे हा निराळा प्रकार आहे. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, त्यांवर बहुधा कारखान्याचा पारदर्शक लॅकर असतो आणि त्याखाली पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते, ते ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड. रंग काढण्याच्या द्रवाने लॅकर उतरवावा. कॉस्टिक सोड्याने मात्र नव्हे, कारण तो ऑक्साइडसकट धातूही खातो आणि काळा थर मागे ठेवतो. नंतर वॉटर पेपरची, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायच्या सँडपेपरची, पायरी येते. ४०० क्रमांकाच्या कागदावरचे कण साधारण ३५ मायक्रॉनचे, १२०० चे १५ मायक्रॉनचे आणि २००० चे १० मायक्रॉनचे असतात, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. ओरखडे तरंगलांबीच्या तुलनेत उथळ झाले की प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेने परतू लागतो, आणि त्यालाच आपण चकाकी म्हणतो. दर पायरीला घासण्याची दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे दिसते. हे कागद क्रोमवर कदापि वापरू नयेत. अर्ध्या मायक्रॉनच्या थराला ते क्षणात पार करतात.

शेवटचा हात पॉलिशच्या कांडीने आणि बफने, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने, द्यावा. हिरव्या कांडीत क्रोमियम ऑक्साइड असते, म्हणजे क्रोमला राखणारे तेच संयुग. आणि सराफ वापरतात ती लाल पूड लोखंडाचे ऑक्साइड असते, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज बिल्बी यांनी असे मांडले होते की पॉलिश करताना पृष्ठभागावरचा धातू वाहून खाचा भरतो. पुढच्या संशोधनातून दिसले की धातूंच्या बाबतीत मुख्यतः अतिसूक्ष्म कापण्याचेच काम होत असते. धातू कमी होतोच, म्हणून अक्षरे कोरलेल्या जागी हात आवरावा. ज्या ग्राइंडरवर ॲल्युमिनियम बफ केले तेथेच पोलाद घासू नये: ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचे ऑक्साइड हे थर्माइटचे, म्हणजे पेटल्यावर प्रचंड उष्णता देणारे, मिश्रण आहे आणि पोलादाच्या ठिणग्या त्याला पेटवू शकतात. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतले ऑक्साइड लगेच परत येते, तेही मेणाखालीच बरे राहते.

पापुद्रे सुटलेले मडगार्ड घरी सुधारत नाही. ते मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत मुलामा देणाऱ्याकडे न्यावे आणि क्रोमबद्दल कमी, निकेलबद्दल अधिक विचारावे: थर किती मायक्रॉनचा, एकेरी की दुहेरी. घरी बादलीत क्रोमचा मुलामा देण्याचे प्रयोग टाळावेत, कारण त्यासाठी सर्रास वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. पुढच्या फोर्कच्या पाइपांना हा सगळा हिशेब लागू पडत नाही. तेथे क्रोमियम शोभेचे नसून झीज सोसण्यासाठी बरेच जाड चढवलेले असते. त्यावरच्या खड्ड्याची कड नखाला लागत असेल तर ती ऑइल सील कापते, गळलेले तेल पुढच्या ब्रेकवर उतरू शकते, आणि तो पाइप घासून पॉलिश न करता ग्राइंड करून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावा लागतो किंवा सरळ बदलावा लागतो.