जीएल-४ आणि जीएल-५: पाच म्हणजे चारपेक्षा भारी नव्हे

इंदूरच्या सियागंज बाजारात गिअर ऑइल घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, "नब्बे नंबर?" आपण हो म्हणतो. तो डबा काढून देतो आणि वर सांगतो, "सब में डाल दो, चलता है." मग तोच डबा घरी आणून लोक गिअरबॉक्समध्ये ओततात, ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) ओततात, पुढच्या-मागच्या डिफमध्येही (डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधली गिअरची पेटी) ओततात. तो डबा जीएल-५ या वर्गाच्या ऑइलचा असतो. डिफला तो चालतोच. गिअरबॉक्सला चालत नाही. पण गिअरबॉक्स लगेच तक्रार करत नाही. कित्येक महिन्यांनी दुसरा गिअर टाकताना कर्रकर्र व्हायला लागतं, तोवर ऑइल कोणतं घातलं होतं ते कुणाला आठवत नाही. "जुनी गाडी आहे, होणारच" असं म्हणून विषय संपतो.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर रामबागेतल्या दोघांनी मला आपापल्या जिप्सी दाखवल्या. दोघांचीही तक्रार दुसऱ्या गिअरची, दोघांच्याही गिअरबॉक्समध्ये जीएल-५. एकाने तर अभिमानाने सांगितलं, "काका, महागातलं टाकलंय." म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी "नव्वद नंबर" बाजूला काढू. डब्यावर छापलेल्या ८०डब्ल्यू-९० मधला नव्वद म्हणजे फक्त ऑइलचा दाटपणा. जीएल-४ ही ८०डब्ल्यू-९० मध्ये मिळतं, जीएल-५ ही मिळतं. इंजिन ऑइलच्या आकड्यांशी याची तुलना करू नका, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअरचं नव्वद हे इंजिनच्या चाळीस-पन्नासाच्याच आसपास दाट असतं. नव्वद म्हटल्यावर दुकानदाराला दाटपणा कळला, पण आत मिसळलेलं रसायन कोणतं हवं ते तुम्ही सांगितलंच नाही. ते जीएलच्या आकड्यात असतं.

डिफचं तुम्हाला माहीत असेलच. क्राउन म्हणजे आतलं मोठं दातेरी चक्र आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा छोटा गिअर. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. एवढ्या दाबात ऑइलचा थर पिळून निघतो. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं रसायन भरपूर असतं, जीएल-४ च्या जवळपास दुप्पट. दात तापले की ते पोलादाशी संयोग करून एक पातळ थर बनवतं. दातांऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. डिफमध्ये जीएल-५, यात वाद नाही. तिथे जीएल-४ घातलं तर काही काळाने मागून घूंऽऽ असा सूर ऐकू येतो, आणि क्राउन-पिनियनची जोडी बदलणं हा खिशाला मोठा फटका आहे.

आता गिअरबॉक्स. सगळा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गिअरबॉक्समध्ये पोलादाच्या गिअरांशेजारी सिंक्रो रिंगा असतात, बहुतेक जुन्या गाड्यांत पितळेच्या किंवा त्याच जातीच्या तांब्याच्या मिश्रधातूच्या. तुम्ही लिव्हर ढकलता तेव्हा ही रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, त्याला घट्ट धरते, आणि दोघांचा वेग सारखा झाल्यावरच दात एकमेकांत शिरतात. सायकलचं ब्रेक रबर चाकाच्या रिमला धरतं, अगदी तसंच हे काम आहे. म्हणजे या रिंगेला घर्षण हवं असतं. अख्ख्या गिअरबॉक्समध्ये हाच एक भाग असा, ज्याला निसरडेपणा नको आहे.

अशा रिंगेवर जीएल-५ आलं की दोन गोष्टी होतात, आणि लोक त्या एकच समजतात. पहिली म्हणजे पकड सुटणं. रिमला तेल लागलं तर ब्रेक जसा घसरेल, तशी रिंग शंकूवर घसरते. वेग जुळायला वेळ लागतो आणि तुमचा हात घाईत असला तर दात दातांवर आपटतात. हे ऑइल बदललं की बऱ्याच अंशी सुधारतं. दुसरी म्हणजे झीज, आणि ती परत येत नाही. जो रासायनिक थर पोलादाच्या दाताला वाचवतो, तोच पितळेवरही बसतो. पण पितळ मऊ. थर सुटताना पितळेचा कण सोबत घेऊन सुटतो. शिवाय तापलेल्या ऑइलमधलं गंधक तांब्याला काळवंडतं. हल्लीच्या चांगल्या जीएल-५ मध्ये तांबं सांभाळणारी रसायनं घालतात, म्हणून रातोरात काही बिघडत नाही, हे खरं. पण त्याने निसरडेपणा जात नाही. आणि जुन्या गाडीत रिंगेची धार आधीच निम्मी उरलेली असते.

मग लोक जीएल-५ का घालतात? कारण पाच हा आकडा चारपेक्षा मोठा दिसतो. हा गैरसमज इंजिन ऑइलने शिकवला आहे. पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं पुढे सरकत गेली आणि नवं ऑइल जुन्याची जागा घेत गेलं. जीएल ही अशी शिडी नाही. जीएल-६ नावाचंही वर्गीकरण होतं, ते केव्हाच बाद झालं. जीएल-५ मात्र अजून चालू आहे आणि त्याच्या शेजारी जीएल-४ ही. शिडी असती तर असं झालं नसतं. आकडा फक्त एवढंच सांगतो की गिअरचे दात किती घासतात आणि त्यांना किती रासायनिक संरक्षण लागतं. ज्याला कमी लागतं त्याला जास्त देणं म्हणजे भलं करणं नव्हे.

ज्या डब्यावर "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही छापलेलं असतं, तो मी घेत नाही. त्यात जीएल-५ एवढं रसायन असणारच, नाहीतर पाच छापता येणार नाही. ते पितळेला इजा करणार नाही असं म्हणता येईल, पण माझ्या रिंगेला पकड हवी आहे आणि ती डब्यावर छापलेली नसते. दोन डबे घ्या, दोन्हींवर जाड मार्करने लिहा. माझ्याकडे निळ्या झाकणाचा डबा गिअरबॉक्सचा आणि लाल डिफचा, आणि ऑइल भरायचा हातपंपही दोन.

एक अपवाद मात्र मनापासून मान्य. काही गाड्यांच्या पुस्तकात गिअरबॉक्सलाच जीएल-५ सांगितलेलं असतं, काहींना इंजिन ऑइल, काहींना वेगळंच काही. बनवणाऱ्याने रिंगेचा धातू पाहून ते ठरवलेलं असतं. पुस्तक हाताशी असेल तर माझंही ऐकू नका, पुस्तकाचं ऐका. ट्रान्सफर केसबद्दलही तेच. तिथे क्राउन-पिनियन नसतो, म्हणून पुस्तक वेगळं काही सांगत नसेल तर मी तिथे गिअरबॉक्सचंच ऑइल घालतो. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेली असते, तिचे ऑइल भरायचे-काढायचे बोल्ट वेगळे. लोक ते विसरतात आणि ती वर्षानुवर्षं कोरडी पडते.

तुमच्या गिअरची कुरकुर नक्की कशाची आहे, हे ओळखायची सोपी खूण आहे. जानेवारीत सकाळी पहिल्या दोन किलोमीटरांत दुसरा गिअर जड जातो आणि गाडी तापली की लोण्यासारखा पडतो, तर तो दाटपणा आहे, काळजी नको. थंडीत जरा धीराने टाका. उलट, सिमरोलचा घाट चढून गाडी चांगली तापल्यावर खरखर वाढते, तर रिंग, ऑइल किंवा क्लच, या तिघांपैकी एक. क्लच आधी तपासा. गाडी उभी असताना रिव्हर्सही ओरडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, रिंगेला उगाच दोष देऊ नका.

ऑइल बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सोडवून पाहा, मगच खालचा. खालचा सोडून सगळं ऑइल काढलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी अंगणातच बसते. गाडी सपाट जागेवर चारही बाजूंनी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. थोडी चालवून गरम असताना काढा. भरताना वरच्या भोकातून ऑइल ओघळू लागेपर्यंत भरा. काढलेलं ऑइल परातीत घेऊन उन्हात बघा. बोल्टाच्या चुंबकावर करडा चिखल असतोच, तो चालतो. पोलादाचे तुकडे निघाले तर गाडी थांबवा. सोनेरी चमक तरंगत असेल तर ती तुमची सिंक्रो रिंग आहे. डिफचं ऑइल दुधासारखं निघालं तर चोरल नदीतलं पाणी आत गेलंय. गरम डिफ थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं छोटं तोंड) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर साफ करून, नळी लावून वर उंच नेल्याशिवाय नवं ऑइल भरू नका.

आणि गिअरबॉक्समध्ये आधीच जीएल-५ गेलं असेल तर? केरोसीन घालून धुऊ नका, तो सल्ला कितीही अनुभवी माणसाने दिला तरी. बेअरिंगमध्ये राहिलेलं केरोसीन नव्या ऑइललाही पातळ करतं. गरम असताना पूर्ण काढा, जीएल-४ भरा, पाचशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा काढून नवं जीएल-४ भरा. रामबागेतल्या एका जिप्सीला एवढं पुरलं, दुसरा गिअर आता निमूट पडतो. दुसरीच्या ऑइलमध्ये सोनेरी चमक होती. तिचा गिअरबॉक्स दिवाळीनंतर उतरवायचा आहे.