शिया म्हणजे आफ्रिकेतला मोह?

क्रीमच्या डबीवर ‘शिया बटर’ वाचून आपल्याकडे काहीजण म्हणतात, हा तर आफ्रिकेतला मोह. त्यात तथ्य आहे. दोन्ही झाडे चिकूच्या कुळातली. दोन्हींच्या बियांतल्या गरात निम्म्याच्या आसपास चरबी असते, आणि रान तोडून शेत काढताना दोन्ही झाडे मुद्दाम राखतात. साम्य मात्र इथेच संपते.

मोहाचे अर्थकारण फुलावर चालते. गडचिरोली-गोंदियात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले वेचायची, वाळवायची, खायची, विकायची, दारू गाळायची. टोळंबीच्या, म्हणजे मोहाच्या बीच्या, तेलाचा क्रम त्यानंतरचा. शियाचे मोल बीमध्ये आहे. सेनेगलपासून इथिओपिया-युगांडापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की बायका पडलेली फळे वेचतात. घरातले धान्य संपत आलेले असते, त्या दिवसांत फळांचा गोड गर पोटाला आधार देतो. मग बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर भाजून दळायचा आणि त्या लगद्यात पाणी घालून तो हाताने फेटत राहायचा. चरबी वर आली की ती कढवून गाळायची. पाणी आणि सरपण, दोन्ही यात भरपूर लागते. क्रीमच्या जाहिरातीत या कष्टांचा मागमूसही नसतो, याचे मला वाईट वाटते.

हे लोणी तिथे मुख्यतः स्वयंपाकाचे. त्वचेला, केसांना, तान्ह्या बाळाच्या मालिशला, साबणाला आणि पूर्वी दिव्यालाही तेच. 1796 मध्ये आजच्या मालीतल्या बंबारा राज्यातून गेलेल्या मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाला ते गाईच्या लोण्यापेक्षा पांढरे आणि घट्ट वाटले होते. बुर्किना फासोत तर शियाच्या पानांवरच्या अळ्याही वाळवून खातात.

मोहाचे तेल थंडीत थिजते आणि उन्हाळ्यात पातळ होते. शियात चरबी घट्ट ठेवणारे स्टिअरिक आम्ल जास्त, त्यामुळे ते साधारण अंगाच्या उबेला वितळते. चॉकलेटला नेमकी अशीच चरबी लागते. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज 5 टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी चालतात, त्यांत शिया आहे, आपले कोकम आणि साल वृक्ष आहे, मोह नाही.

आता लागवड. मोह आठ-दहा वर्षांत फुलू लागतो, शियाला पहिले फळ यायला 15 ते 20 वर्षे लागतात. बी काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावते, रोप सावकाश वाढते. म्हणून शियाच्या सलग बागा फारशा कोणी लावल्या नाहीत. बाजरी-ज्वारीच्या शेतात आपोआप उगवलेली झाडे राखणे हीच तिथली रीत. जमीन पड ठेवण्याचा काळ कमी झाल्याने नवी रोपे टिकत नाहीत, आणि माझ्या मते खरा धोका हाच आहे. कलमाने फळाची वाट पाहण्याचा काळ बराच कमी होतो, त्यामुळे निवडक झाडांची कलमे शेतातच, पिकाच्या सोबतीने लावणे सर्वांत शहाणपणाचे.

अडचण हक्काची आहे. बिया वेचतात बायका, जमीन बहुधा पुरुषांच्या नावावर, आणि अनेक गावांत झाड लावणे म्हणजे जमिनीवर दावा सांगणे समजले जाते. रोपे वाटण्याआधी त्या झाडांच्या फळांवर बायकांचा हक्क गावाकडून मान्य करून घ्यायला हवा.