डिलिव्हरी रायडरची पडताळणी

अ‍ॅपवरून मागवलेले जेवण, किराणा किंवा पार्सल घरपोच देणाऱ्या माणसाला कामावर घेण्याआधी कंपनी त्याची ओळख, वाहन परवाना, गाडीचे कागद, बँक खाते आणि गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासते. तीच ही पडताळणी. ती पार पडली की ‘आयडी चालू झाली’ आणि अडली की ‘आयडी ब्लॉक झाली’, असे रायडर म्हणतात.

अनोळखी माणसाच्या हाती दुसऱ्याचे अन्न सोपवण्याचा प्रश्न मुंबईला जुना आहे. १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत नवा माणूस बहुधा मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातला, कुणाच्या तरी नात्यातला किंवा गावातला असे आणि त्याच्याबद्दल मुकादम शब्द देई. अ‍ॅपकडे असा शब्द देणारा कुणी नसतो. त्याची जागा कागदपत्रांनी घेतली आहे.

उमेदवार आधार, पॅन आणि परवाना यांचे फोटो व स्वतःचा सेल्फी मोबाइलवरूनच पाठवतो. परवान्याचा क्रमांक परिवहन खात्याच्या ‘सारथी’ नोंदींशी आणि गाडीचा ‘वाहन’ नोंदींशी ताडता येतो. बँक खात्यात एक रुपया टाकून खातेदाराचे नाव जुळते का, हेही पाहतात. आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायद्याच्या ५७व्या कलमातला खासगी कंपन्यांना आधारने ओळख पटवण्याची मुभा देणारा भाग रद्द केला. २०१९च्या दुरुस्तीनंतर उमेदवाराने स्वेच्छेने दिलेल्या आधारची ऑफलाइन, म्हणजे आधारच्या मध्यवर्ती नोंदींना न विचारता, पडताळणी करता येते.

पूर्वेतिहासाची तपासणी हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अ‍ॅप-टॅक्सीच्या चालकाने प्रवासी महिलेवर बलात्कार केला. त्याच्यावर आधीचे गुन्हे होते आणि त्याचे चारित्र्य प्रमाणपत्र बनावट निघाले. केंद्र सरकारच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रवासी वाहतुकीच्या चालकांसाठी पोलीस पडताळणी आणि मागील सात वर्षांत ठरावीक गुन्ह्यांत दोषी न ठरल्याची अट घातली. डिलिव्हरीत मात्र बरेचसे काम खासगी तपास संस्था करतात. त्या न्यायालयांच्या ऑनलाइन नोंदींत नाव शोधतात आणि घोटाळा इथेच होऊ शकतो. एकाच तालुक्यात एकाच नावाचे कितीतरी जाधव, पवार सापडतात. वडिलांचे नाव, वय आणि पत्ता जुळवल्याशिवाय एकाचा खटला दुसऱ्याच्या माथी बसू शकतो. शिवाय खटला चालू असणे आणि दोषी ठरणे यांतला फरक नुसत्या नावाच्या शोधात दिसत नाही. ज्याचे पोट या निकालावर आहे, त्याला अहवाल दाखवून बाजू मांडू द्यायलाच हवी.

कागद तपासून रस्त्यावरचा माणूस सापडतोच असे नाही. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून वेग न घेणाऱ्या विजेच्या दुचाकीला नोंदणीही लागत नाही आणि परवानाही, त्यामुळे अशा गाडीवरच्या रायडरच्या बाबतीत ‘सारथी’ची चाळणीच गळते. दुसरी पळवाट आयडी भाड्याने देण्याची: पडताळणी एकाची, गाडीवर दुसरा. यावर उपाय म्हणून अ‍ॅप कामाच्या वेळात मध्येच सेल्फी मागते. रात्री, पावसात, हॉटेलच्या दारातल्या अंधुक उजेडात हेल्मेट काढून, ओल्या बोटांनी स्क्रीन पुसत उभ्या असलेल्या रायडरचा चेहरा जुळला नाही, तर ऑर्डर तिथेच अडते. तो फसवणारा की पावसात भिजलेला, हे यंत्राला ठरवता येत नाही. एवढ्या चाळण्यांतून आलेल्या माणसाची सोसायटीच्या फाटकावर पुन्हा नोंद होते आणि काही ठिकाणी त्याला लिफ्टही नाकारली जाते. माणूस विश्वासाचा ठरवून झाल्यावर हा अपमान कशासाठी?

नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीऐवजी रायडरसारखे सुटे काम करणारे, होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने त्यांची व्याख्या केली. कर्नाटकाच्या २०२५च्या कायद्याने अशा कामगाराचे काम बंद करण्यापूर्वी कंपनीने लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना देणे बंधनकारक केले. ब्लॉक झालेल्या आयडीमागचे कारण विचारण्याचा हक्क त्यातून तिथल्या रायडरला मिळाला.