सागरी सरीसृपांचे जीवाश्म (समुद्रकड्यांतील)

मध्यजीव महाकल्पात, म्हणजे सुमारे 25 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी, समुद्रात वावरणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे दगड झालेले अवशेष. माशाच्या घाटाचे इक्थिओसॉर, लांब मानेचे प्लेसिओसॉर आणि शेवटी आलेले मोसासॉर हे त्यांतले ठळक गट. त्यांना सर्रास डायनासोर म्हणतात. ते चूक आहे.

खाडी आहे, डोंगर आहे, मग ठाणे-नवी मुंबईत असे काही का सापडत नाही? हाडे टिकायला गाळ लागतो. मेलेले जनावर तळाशी जाऊन प्राणवायू नसलेल्या चिखलात लवकर गाडले गेले, तरच सांगाडा शाबूत राहतो. ऐरोलीला ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा काळा चिखल त्याच जातीचा. त्याच्यामागचा पारसिकचा डोंगर मात्र बेसाल्टचा, लाव्हा थिजून झालेला. खाणीत फुटलेल्या दगडाच्या पोकळीत दातांसारखे पांढरे काही चमकले, तरी ते झिओलाइट या खनिजाचे स्फटिक असतात.

इंग्लंडमधील लाइम रीजिसचे कडे चुनखडक आणि शेल (घट्ट झालेल्या चिखलाचा खडक) यांच्या एकाआड एक थरांचे, सुमारे 20 कोटी वर्षे जुने. लाटा पायथा पोखरतात, पावसाळी हिवाळ्यात दरड कोसळते आणि नवा थर उघडा पडतो. सांगाडा वेळीच उचलला नाही, तर तोच समुद्र त्याचा भुगा करतो. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग याच कड्यांखाली फिरे. तिच्या भावाला 1811 मध्ये इक्थिओसॉरची कवटी दिसली. उरलेला सांगाडा पुढच्या वर्षी तिने शोधला. 1823 मध्ये तिला प्लेसिओसॉरचा जवळजवळ अखंड सांगाडा मिळाला. 1833 मध्ये दरडीखाली तिचा कुत्रा गेला, ती स्वतः थोडक्यात वाचली. ती वारली 1847 मध्ये. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्लिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मुंबई बेटावरच्या जीवाश्म बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गोड्या पाण्यातल्या गाळात तो जपला गेला होता. आपल्या भागातल्या कातळाकडून मिळते ते असेच काही.

सागरी सरीसृपासाठी कच्छ गाठावे लागते. भुजजवळच्या लोडाई गावापाशी मिळालेला सुमारे साडेपाच मीटर लांबीचा इक्थिओसॉर 2017 मध्ये जाहीर झाला. ज्युरासिक काळातला भारतातला तो पहिलाच. तिथे ना कडा आहे, ना लाटा.