दोन मिनिटांचा थरार आणि सात प्रश्न

मार्च उजाडला की ठाण्यातल्या मास मीडियाच्या वर्गांमध्ये भरदुपारी अंधार करायची धडपड सुरू होते. काळे पडदे कुणाकडेच नसतात, मग खिडक्यांना चार्ट पेपर चिकटवतात. प्रोजेक्टरची वायर दरवर्षीप्रमाणे दोन फूट कमी पडते. आणि 'थ्रिलर ओपनिंग'चं प्रॅक्टिकल सुरू होतं : न बनलेल्या एका थरारपटाची पहिली दोन मिनिटं. सोसायटीचं बेसमेंट पार्किंग, हुडी घातलेला मुलगा, फडफडणारी ट्यूबलाइट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, मग काळ्या पडद्यावर सिनेमाचं नाव. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून बसून बसून मला आता कुठल्या खांबामागून कोण येणार हे आधीच कळतं. येऊरला शूट करायची प्रत्येक ग्रुपची इच्छा असते, पण ते राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. वाशी-बेलापूरची रिकामी स्टेशनं कॅमेऱ्यात झकास दिसतात, पण रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा काढला की हाकलून देतात. शेवटी वॉचमनकाकांना चहा पाजून पार्किंगच.

फिल्म संपली की मुलं मूल्यमापनाचा कागद पुढे करतात. आपल्याच कामाचं आपणच केलेलं परीक्षण. झेरॉक्सची झेरॉक्स होत आलेला तो कागद, त्यावर सात प्रश्न. तुमच्या कलाकृतीने प्रचलित संकेत, म्हणजे त्या प्रकारच्या सिनेमाच्या ठरलेल्या रीती, कसे वापरले, वाढवले किंवा झुगारले? कोणत्या समाजगटाचं चित्रण केलं? कोणती संस्था ती वितरित करेल? प्रेक्षक कोण? त्यांना कसं खेचलं? तंत्रज्ञानाबद्दल काय शिकलात? आणि सरावाच्या पहिल्या कामापासून इथपर्यंत काय प्रगती झाली?

हे प्रश्न इथले नाहीत. ओसीआर या ब्रिटिश परीक्षा मंडळाने २००८ पासून ए लेव्हलच्या (तिथल्या अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षाला मीडिया स्टडीजचा जो अभ्यासक्रम लावला, त्यातले ते जवळपास शब्दशः आहेत. नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि सुरुवात, कमाल दोन मिनिटं, हे तिथलं मुख्य काम. शंभर गुणांपैकी वीस नियोजनाला, साठ निर्मितीला, वीस मूल्यमापनाला. थरारपटच करा असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. मुलांनी तो आपणहून निवडला, आणि त्यात त्यांची हुशारी आहे. प्रेमकथेला अभिनय येणारी दोन माणसं लागतात, विनोदाला टायमिंग लागतं. थराराला बुटांचा एक जोड आणि रिकामा जिना पुरतो. तिथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे सगळं काम इंटरनेटवर उघड्यावर ठेवलं, म्हणून ते जगभर पसरलं. आपल्याकडचा कागदही बहुधा असाच कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आला असावा.

येताना त्याचा अर्धा भाग मात्र वाटेत सांडला. मूळ अभ्यासक्रमात मुख्य कामाआधी एक सराव सक्तीचा होता : एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, दुसऱ्यासमोर खुर्चीत बसतो, दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. एवढंच. एका शॉटमध्ये सुरू झालेली हालचाल पुढच्या शॉटमध्ये तशीच पुढे सरकते का, बोलणाऱ्यांच्या नजरा जुळतात का, कॅमेरा दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडतो का, हे त्यात तपासायचं. सातवा प्रश्न या सरावाबद्दलचा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सराव होत नाही, प्रश्न तेवढा शिल्लक राहिलाय. मुलं बिचारी 'खूप काही शिकायला मिळालं' लिहून मोकळी होतात.

छोट्या तुकड्यावरून विद्यार्थ्याची पारख करायची पद्धत त्याहून पुष्कळ जुनी. १९१९मध्ये मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा निघाली तेव्हा रशियात कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता. तिथे शिकवणाऱ्या दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हच्या कार्यशाळेतली मुलं जुन्या फिल्मा कापून पुन्हा जोडत, आणि फिल्मच नसेल तर शॉट जसे लागतील तसे प्रसंग रंगमंचावर करून दाखवत. एकाच चेहऱ्यापुढे वेगळा शॉट जोडला की चेहऱ्यावरचा भाव वेगळा वाटतो, हे त्याच काळातलं निरीक्षण. आपल्याकडे पुण्यात १९६०मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. फिल्म महाग, म्हणून शॉट आधी डोक्यात पक्का करायचा आणि मग कॅमेरा चालवायचा, ही तिथली शिस्त होती. २००८च्या अखेरीस कॅननचा फाइव्ह डी मार्क टू बाजारात आला, फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ आला, आणि ती शिस्त सैल झाली. आता फोनवर चाळीस टेक घेतात. चाळिसातला चौथाच चांगला होता हे एडिटला बसल्यावर कळतं.

सुरुवातीलाच एवढं महत्त्व का, याचंही उत्तर इतिहासात सापडतं. पूर्वी नावं चालू असताना थिएटरचा पडदा बंद असायचा किंवा लोक जागा शोधत असायचे. १९५५मध्ये हॉलिवूडचा दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरने 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या डब्यांवर प्रोजेक्शनिस्टसाठी सूचना चिकटवली, की नावं सुरू होण्याआधी पडदा उघडा. नावं केली होती ग्राफिक डिझायनर सॉल बासने. श्रेयनामावली हा सिनेमाचाच भाग आहे, हे तिथून ठळक झालं. १९९५च्या 'सेव्हन'मध्ये काइल कूपरने खरवडलेली अक्षरं, वह्या, ब्लेड यांचा जो खेळ केला, त्याची नक्कल आजही दर तीन ग्रुपमागे एक ग्रुप करतो. ते का तसं आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही : ती वही खुन्याची आहे, म्हणजे गोष्ट नावांमध्येच सुरू झालेली असते.

उलट उदाहरण दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं. 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) गाडीच्या डिकीत ठेवलेल्या टाइमबॉम्बपासून सुरू होतो आणि कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ न थांबता त्या गाडीच्या आगेमागे फिरतो. स्टुडिओने त्यावर नावं आणि संगीत चढवलं. १९९८मध्ये वेल्सच्या जुन्या टिपणानुसार पुन्हा संपादन झालं, तेव्हा ती नावं काढली. मी मुलांना दोन्ही रूपं लागोपाठ बघायला सांगतो. नावं वाचण्यात डोळे गुंतले की बॉम्बचा विसर पडतो, हे शिकवायला वेगळं लेक्चर लागत नाही.

बॉम्बवरूनच हिचकॉकची ती प्रसिद्ध मांडणी आठवते. १९६२मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या गप्पांत त्याने सांगितलं, की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसताना तो फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि ठाऊक असेल तर तीच साधी गप्पाष्टकं पंधरा मिनिटं श्वास रोखून धरायला लावतात. पार्किंगमधल्या बहुतेक फिल्मा धक्क्याच्या आहेत. खांबामागून कुणीतरी येतं, संगीत किंचाळतं, संपलं. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलेलं असतं : 'आम्ही लो-की लायटिंग (अंधारी, गडद सावल्यांची प्रकाशयोजना), क्लोज-अप आणि हुडी हे संकेत वापरले.' ही झाली सामानाची यादी. पात्राला माहीत नसलेलं काय प्रेक्षकाला माहीत आहे, हे कुणी लिहिलं की मी पेन खाली ठेवून नीट वाचायला लागतो.

संकेत कुणाचे, हा आणखी एक घोळ. आपल्या सिनेमाची सुरुवात वेगळ्या वळणाची आहे. आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र, मग आभारांची लांबलचक पाटी, धूम्रपानाचा इशारा. प्रमाणपत्रावरचा रिळांचा आकडा बघून 'सोळा रीळ!' असं मोठ्याने म्हणणारी पिढी अजून हयात आहे. 'महल' (१९४९) वादळी रात्री, रिकाम्या वाड्यात आणि म्हाताऱ्या माळ्याच्या तोंडच्या कहाणीने सुरू होतो, आणि भीती वाढवायचं काम पुढे चक्क एक गाणं करतं. गाण्याने भेडसावणं हा आपला जुना संकेत, पण मूल्यमापनात तो मी एकदाही वाचलेला नाही. प्रेक्षकांच्या प्रश्नाला मागे एका ग्रुपने 'आमच्या फिल्मला १५ सर्टिफिकेट मिळेल' असं लिहिलं होतं. ते ब्रिटनचं वर्गीकरण. आपल्याकडे १९५२च्या कायद्याखाली यू आणि ए, १९८३मध्ये त्यात यूए आलं, आणि २०२४च्या नियमांनी यूएचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग पडले. एवढं तरी स्वतः शोधायला हवं होतं.

केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने याच प्रकारच्या कामासाठी आता सातऐवजी चारच प्रश्न ठेवले आहेत. संकेत आणि चित्रण एकात, प्रेक्षक आणि वितरण दुसऱ्यात, उरलेले दोन कौशल्यांचे आणि तंत्रज्ञानाचे. आमच्या कागदावर अजून सातच आहेत, आणि सहाव्याखाली ॲपची नावं खच्चून भरलेली असतात.

यंदा कळव्याहून येणाऱ्या एका मुलीचं सातव्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळं निघालं. दार-खुर्चीचा सराव वर्गात झाला नव्हता, तो तिने घरी धाकट्या भावाला घेऊन केला होता. तिने लिहिलं होतं, 'बाहेरच्या शॉटमध्ये त्याने उजव्या हाताने दार ढकललं आणि आतल्या शॉटमध्ये डाव्या. चार दिवस मला कळलंच नाही, आईने बघताक्षणी सांगितलं. थ्रिलर शूट करताना मी प्रत्येक शॉटनंतर हात कुठे आहे ते वहीत लिहीत होते.' तिच्या फिल्ममध्ये पार्किंगच होतं, ट्यूबलाइटही फडफडत होती. वीसपैकी सतरा दिले.