ग्रुपवर जीआर आला, आता करायचं काय?

आमच्याकडं शाळेचं ऑनलाइन काम देणारे मुख्याध्यापक, भाऊसाहेब आणि संस्थेच्या मंडळींसाठी

नमस्कार सर, मॅडम, भाऊसाहेब,

आमचं सेंटर तालुक्याच्या गावी आहे आणि आमचं निम्म्याहून जास्त काम शाळांचंच आहे, युडायस आणि सरल (शाळेच्या आणि मुलांच्या माहितीची पोर्टलं), शालार्थ (शिक्षकांच्या पगाराचं पोर्टल), संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं), आरटीईची म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची नोंदणी, हे तुम्हाला माहितीच आहे. जून उजाडला की रोज कोणी ना कोणी मोबाईल पुढं करतं आणि विचारतं की हे आलंय बघा ग्रुपवर, हे आपल्याला करायचं का. कधी ते खरंच करायचं असतं, कधी ते मागच्या वर्षीचं असतं, कधी महानगरपालिकेच्या शाळांसाठी असतं आणि कधी तर ते रद्द होऊनही महिना झालेला असतो. काउंटरवर गर्दीत प्रत्येकाला नीट सांगणं होत नाही म्हणून हे लिहून काढलंय. शांतपणे वाचा, ऑफिसात ठेवा.

आधी बघा नेमकं काय आलंय

आपण सगळ्यालाच जीआर म्हणतो पण सगळं जीआर नसतं. शासन निर्णय, म्हणजे खरा जीआर, मंत्रालयातून, शालेय शिक्षण व क्रीडा विभागाकडून निघतो. त्याखाली पुण्याचं आयुक्तालय, प्राथमिक आणि माध्यमिकचे संचालक, मग विभागीय उपसंचालक, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, आणि शेवटी केंद्रप्रमुख. या प्रत्येक पायरीवरून पत्र निघतं आणि प्रत्येक पत्राच्या वर 'अत्यंत तातडीचे' लिहिलेलं असतं. खालचं पत्र वरच्या निर्णयाची अंमलबजावणी कशी करायची ते सांगतं, मूळ निर्णय ते बदलू शकत नाही. म्हणून ग्रुपवर नुसतं पत्र आलं तर त्यातला 'संदर्भ' आधी वाचा, त्यात कुठल्या तारखेचा शासन निर्णय आहे ते बघा आणि तो मूळ काढून वाचा. निम्मे घोळ इथंच मिटतात.

अधिसूचना ही आणखी वेगळी गोष्ट, ती राजपत्रात येते आणि तिनं नियमच बदलतात. आरटीईचं उदाहरण घ्या. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनं असं केलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. ६ मे ला मुंबई हायकोर्टानं तिला स्टे दिला, १९ जुलैला ती रद्दच केली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. म्हणजे ज्या शाळांनी फेब्रुवारीतली पीडीएफ बघून "आपण सुटलो" म्हणत त्या जागा भरून टाकल्या त्यांची पंचाईत झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे फॉर्म भरून बसलेल्या आईबापांचा सगळा उन्हाळा टांगणीला लागला.

हिंदीचं तर ताजंच आहे. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय आला की पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, मग १७ जूनला त्यात बदल करणारा दुसरा आला, आणि २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही रद्द केल्याचं सांगून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचं जाहीर केलं. शाळा १६ जूनला उघडलेल्या. हिंदीऐवजी वेगळी भाषा निवडायची तर वर्गात किमान २० मुलं लागतील असं त्या १७ जूनच्या निर्णयात होतं, म्हणून काही शाळांनी पालकांकडून भाषेचे फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली होती, आम्ही स्वतः त्याच्या झेरॉक्स काढून दिल्यात. ते सगळे कागद वाया गेले. त्यात शाळेची चूक नव्हती, पण जुलैमध्येसुद्धा एक सर तोच एप्रिलचा जीआर घेऊन आले तेव्हा मात्र वाईट वाटलं, कारण रद्द झाल्याचं त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलंच नव्हतं. नवा आदेश दहा ग्रुपवर फिरतो आणि रद्द झाल्याचा एखाद्याच ग्रुपवर येतो, हा आमचा कायमचा अनुभव आहे.

गणवेशाचंही तसंच. राज्यभर एकच कापड वरून पुरवायचं ठरलं, मग डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आला. जुनं पत्र धरून थांबलात तर मुलं पंधरा ऑगस्टला जुन्याच गणवेशात उभी राहतील.

खरा आहे का, कसं बघायचं

प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक १८ अंकी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि शेवटचे दोन अंक विभागाचे, आपल्या शालेय शिक्षणाचे २१. महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन वर शासन निर्णय मध्ये जायचं, विभाग निवडायचा, तो नंबर टाकायचा, फाईल आली तर खरं. फॉरवर्ड होऊन आलेल्या पीडीएफमध्ये कधी शेवटचं पानच नसतं, आणि संकेतांक नेमका त्याच पानावर असतो, तेव्हा तीन पानं आहेत म्हणून जीआर पूर्ण आहे असं समजू नका.

वरच्या बाजूला जो क्रमांक असतो त्यात डेस्कचं नाव असतं. टीएनटी दिसलं की समजा विषय शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा आहे, तिथं पगार, पदं, मान्यता असं काहीतरी असणार, तो जपून वाचा. सुरुवातीला 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते आणि मजकुरात 'अधिक्रमित' असा शब्द आला तर जुना त्या दिवसापासून संपला. मागाहून शुद्धिपत्रक आलंय का तेही बघायचं, कारण एका ओळीच्या शुद्धिपत्रकानं अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ बदलतो.

आणि लागू कुणाला ते वाचल्याशिवाय काही करू नका. स्थानिक स्वराज्य संस्था, खाजगी अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, अल्पसंख्याक, या प्रत्येकाला वेगळं असू शकतं.

टीईटीवरून (शिक्षक पात्रता परीक्षेवरून) जी घबराट झाली ती याच कारणानं. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल आहे. ज्यांची नोकरी त्या दिवशी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलेली होती त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय, ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी उरली होती ते नोकरीत राहू शकतात पण प्रमोशन हवं असेल तर टीईटी लागेल, आणि अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडं पाठवलाय. फक्त नववी-दहावी शिकवणाऱ्यांचा तो विषयच नाही. तरी आमच्याकडं हायस्कूलचे सर फॉर्म भरायला आले होते आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एक बाई अक्षरशः रडकुंडीला येऊन बसल्या होत्या. त्यांना निकालातला तो परिच्छेद उघडून दाखवला तेव्हा कुठं त्यांनी चहा घेतला.

३० सप्टेंबर

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं विसरलात तरी चालेल पण हे नको.

३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते आणि अलीकडच्या वर्षांत तो पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं नाही तर युडायस प्लसवर आधार व्हॅलिड झालेली मुलं. आरटीईच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. आपल्याच भागातल्या एका शाळेत ६२ मुलं होती, रोज येणारी, जेवणारी, शिकणारी, पण तिघांचं आधार मिसमॅच राहिलं आणि कॉम्प्युटरला ५९ च दिसली. तिसरं पद अतिरिक्त. ते सर समायोजनात दुसऱ्या तालुक्यात गेले आणि दोन शिक्षकांवर पाच वर्ग आले. त्या तीन मुलांच्या आधारचं काम जेमतेम दोन दिवसांचं होतं हो. तेव्हापासून आम्ही ठरवलंय की ऑगस्टमध्येच प्रत्येक शाळेची व्हॅलिड नसलेल्यांची यादी काढून द्यायची, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

मिसमॅच होतं कशानं, तर नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टी आधारवर जशा आहेत तशाच पोर्टलवर लागतात. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडं डी पासून दुसरीकडं जी पासून, रजिस्टरला आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, जुन्या आधारवर पूर्ण जन्मतारीख नाही नुसतं वर्ष, असली कारणं असतात. शिवाय मूल पाच वर्षांचं झाल्यावर आणि परत पंधरा वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात, ते राहून गेलं तर पुढं अडतं.

इथं एक कळकळीची विनंती. आधार जुळत नाही म्हणून जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नका. रजिस्टरची नोंद शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही, आणि उद्या दहावीच्या फॉर्मला किंवा जातीच्या दाखल्याला तीच नोंद बघितली जाते. रजिस्टर बरोबर असेल तर आधार दुरुस्त करायचं, जन्मदाखला घेऊन पालकाला आधार केंद्रावर पाठवायचं. पालक रोजंदारीवर असतील तर त्यांचा दिवस बुडतो, म्हणून आधीच फोन करून केंद्र चालू आहे का ते विचारून मगच पाठवा.

दुसरं, ड्रॉपबॉक्स. मूल जुन्या शाळेतून गेलं की युडायसवर ते ड्रॉपबॉक्समध्ये जातं आणि नवीन शाळेनं पेन नंबर (युडायसवरचा मुलाचा कायमचा क्रमांक) टाकून ते ओढून घ्यायचं असतं. जुन्या शाळेनं सोडलंच नाही तर मूल तुमच्या वर्गात आणि नाव त्यांच्या पटावर. कारण तेच, त्यांनाही पट टिकवायचाय. आम्हाला ते कळतं, पण आरटीई कायद्याच्या कलम ५ मध्ये स्वच्छ लिहिलंय की दाखला तात्काळ द्यायचा आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. आधी फोनवर बोला, बहुतेक वेळा मिटतं, नाही मिटलं तर गटसाधन केंद्रात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं तर दसऱ्यानंतर गावात नसतात, त्यांचं सगळं सप्टेंबरच्या पंधरा तारखेच्या आतच करून टाका, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या म्हणजे जिथं फड पडेल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल.

मुदत वाढेल म्हणून थांबू नका. वाढते कधी कधी, पण शेवटच्या चार दिवसांत सर्व्हर इतका स्लो असतो की एका मुलाला अर्धा तास जातो, आणि प्राथमिकला तर क्लार्क नाही, गुरुजींनाच वर्ग सोडून बसावं लागतं.

सुरक्षेची पत्रं बाजूला ठेवू नका

माहिती मागवणारी पत्रं एक दिवस उशिरा गेली तर फोन येतो, बाकी काही नाही. पण बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला जो शासन निर्णय निघाला तो तसला नाही. सीसीटीव्ही बसवणं, त्याचं फुटेज आठवड्यातून किमान तीनदा बघणं, कर्मचारी ठेवताना चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) आणि काही घडलं तर २४ तासांत वर कळवणं, हे सगळं त्यात आहे. कॅमेरे बसवून देणारे भरपूर आहेत, आम्हीही बसवतो, पण फुटेज बघायला माणूस नेमलेला नसेल तर आम्ही तसं तोंडावर सांगतो. कोणत्या वारी कोणी बघितलं त्याची एक वही ठेवा, तारीख आणि सही. छोट्या शाळेलाही ते जमतं.

लॉगिन आणि मुलांची माहिती

युडायसचा आणि शालार्थचा पासवर्ड ग्रुपवर टाकू नका, आम्हालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, आणि काम झालं की बदलून टाका. २०२५ मध्ये नागपूर भागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण सगळ्यांनी वाचलंय, त्यानंतर नेमणुकीची कागदपत्रं अपलोड करायला लागतायत, तर नेमणूक आदेश, रुजू अहवाल आणि वैयक्तिक मान्यतेची प्रत प्रत्येक शिक्षकाची वेगळी फाईल करून स्कॅन करून ठेवा. जुने आदेश पिवळे पडून अक्षर जातंय, ते या वर्षीच करून घ्या.

मुलांच्या आधार नंबरची यादी फोटो काढून ग्रुपवर जाते ते बघून आम्हाला खरंच काळजी वाटते. अपारसाठी (मुलाच्या डिजिटल शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी) पालकाचं संमतीपत्र लागतं, पालक नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, त्याच्या नावानं सही ठोकून टारगेट पूर्ण करू नका. कोऱ्या संमतीपत्रांचा गठ्ठा आमच्याकडं छापलेला आहे, मराठीतच, कधीही घेऊन जा.

येताना काय आणायचं

शाळेचा ११ अंकी युडायस कोड, आपल्या राज्याचा २७ पासून सुरू होतो तो. मुख्याध्यापकांचा ओटीपी येणारा मोबाईल, तो घरी ठेवून येऊ नका. ज्या मुलांचं अडलंय त्यांच्या आधारची झेरॉक्स आणि रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो. कुठलं पत्र विचारायचं असेल तर पूर्ण पीडीएफ, स्क्रीनशॉट नको. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो आणि रविवारीही सकाळी उघडतो, लांबच्या वाडीवस्तीच्या शाळांनी आदल्या दिवशी फोन करून ठेवला तर त्यांचा नंबर आधी लावतो, कारण शेवटची एसटी पावणेसहाला सुटते.